दुसऱ्या घरचं पीठ

काचेच्या पलीकडे त्या बाईनं माझ्या मुलीच्या कपाळावरचं पीठ ॲप्रनच्या टोकानं पुसलं, आणि माझी मुलगी गप्प उभी राहिली. मान मागे घेतली नाही की वैतागली नाही. उलट लहान पोरीसारखे डोळे मिटून घेतले. मग दोघी कशावर तरी हसल्या.

मी बाहेर फुटपाथवर उभी होते. साताऱ्याहून एसटीनं स्वारगेटला उतरून रिक्षानं कॅम्पात आले होते, पाठ घामानं भिजली होती. आदल्याच दिवाळीत मैथिलीच्या गालावर राहिलेलं उटणं पुसायला मी हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट धरून बाजूला केलं होतं. "आई, मी काय कुकुलं बाळ आहे का?" तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. पोरी मोठ्या झाल्या की असंच वागतात म्हणून सोडून दिलं होतं. आता काचेबाहेर ते आठवलं आणि मी तेच मनगट दुसऱ्या हातानं धरलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती काच आणि तिच्यामागचे मिटलेले डोळे अजून तसेच्या तसे दिसतात.

माझी साताऱ्यात शाहूपुरीत खानावळ होती. खानावळ म्हणजे घरचाच पुढचा हॉल, त्यात बाकं टाकलेली. कॉलेजची पोरं, बँकेतली बदलीवर आलेली माणसं, दोन-चार शिक्षक. मैथिली आठवीत असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून घर त्या भाकऱ्यांवर चाललं. पहाटे उठून मी परात पुढे ओढायची ती दुपारपर्यंत. संध्याकाळी पुन्हा तेच. पण माझ्या पोरीनं त्या परातीला कधी बोट लावलं नाही. तिला नुसतं "एक उंडा मळून दे गं" म्हटलं की तिची परीक्षा जवळ यायची, नाहीतर डोकं चढायचं. इंजिनिअर झाली, पुण्यात कंपनीत लागली, मी गल्लीभर पेढे वाटले. आणि दोन वर्षांनी एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, मी नोकरी सोडली. पाव करायला शिकतेय."

"पाव? बेकरीत?"

"बेकरी नाही गं. तुला असं फोनवर नाही कळायचं."

म्हणजे जिची बोटं माझ्या पिठाला लागत नव्हती, ती पुण्यात दुसऱ्या बाईच्या हाताखाली दिवस दिवस मैदा मळत होती. वर सांगायची काय, तर "पेरीन आंटी म्हणतात, माझ्या हाताला पीठ कळतं." मी फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ माझ्याच हातांकडे बघत बसले होते.

मग मी पुण्याला गेले त्या आठवड्यात तिचा फोन आला. "आई, एकदा ये ना दुकानात. खाऊन बघ सगळं. आणि थोडं बोलायचंय." काय बोलायचंय ते सांगेना. मी आपली मनाशी ठरवून निघाले की काहीही बोलू दे, पोरीला समजावून पुन्हा नोकरीच्या वाटेला लावायची.

दार ढकललं तशी वर बांधलेली घंटी वाजली. मैथिली धावत आली, वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "किती उशीर केलास! चपला बदलायच्या होत्यास की, या प्रवासाच्या चपला आहेत का?"

"तुझ्या दुकानात चपला बघून आत घेतात का?" मी म्हटलं. मग पाटीकडे बघून वाचलं, "मैसन पेरिन."

"मेझाँ, आई. मेझाँ पेरीन. मेझाँ म्हणजे घर."

घर.

तेवढ्यात ती बाई पुढे आली. साठीच्या पुढची, काटक, पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले, कानात मोत्याची कुडी. कोपरापासून खालचे हात मात्र चांगले दणकट होते. ते हात मी ओळखले, कारण माझेही तसेच आहेत. त्याचाही रागच आला.

"या, या, बसा," ती म्हणाली. तिचं मराठी पुण्यातल्या पारशी लोकांचं असतं तसं होतं, गोड आणि जरा तिरकं. "मैथिली रोज तुमच्याबद्दल बोलते."

"काय बोलते?"

बाई अडखळली. "हेच, की तुमी फार काम करता."

मला खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं. दुकान खरंच सुंदर होतं, नाही म्हणवत नाही. भिंतीला लाकडी फळ्या, त्यावर कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे लांब पाव उभे केलेले, काही गोल, काही वेणी घातल्यासारखे. काचेच्या कपाटात चीज, मुरंबे, तेलात बुडवलेली ऑलिव्ह. दोन-तीन टेबलांवर माणसं हळू आवाजात बोलत होती. खानावळीत असतो तसा भांड्यांचा कालवा कुठे नव्हता.

"डीकरा, पहिले साधं आण," पेरीनबाई म्हणाल्या.

मैथिली आत पळाली. मी विचारलं, "डीकरा म्हणजे मुलगा ना?"

"हो, मुलगा. पण लाडानं मुलीलापण म्हणतात."

मैथिलीनं लाकडी फळीवर पाव आणून ठेवले आणि एकेकाची ओळख करून द्यायला लागली. हा लांबडा, याचं नाव बागेत, वरून कडक, आत जाळी पडलेली. हा ब्रिओश, यात लोणी आणि अंडी भरपूर. हा राई नावाच्या गव्हासारख्या धान्याच्या पिठाचा. हा आंबवणाचा, याचं आंबवण पेरीन आंटींनी कित्येक वर्षं जपलंय, रोज त्याला पीठ-पाणी घालावं लागतं. बोलताना तिचे डोळे चमकत होते. तिचा निकाल लागला तेव्हासुद्धा मी तिला असं बोलताना पाहिलं नव्हतं.

मी खोड काढायच्या तयारीनंच बसले होते. बागेतचा तुकडा मोडला तसा तो कुरकुरला, आणि त्यावर नुसतं लोणी लावून मी तोंडात टाकला. म्हटलं, चामट असणार. चामट नव्हता. राईचा कडू असेल म्हटलं, तर तो चावता चावता गोड व्हायला लागला. आंबवणाच्या पावाला एक हलकी आंबूस चव होती, आणि त्याची साल भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी खमंग. मी दुसरा तुकडा घेतला. तिसराही घेतला. वाईट असता तर किती बरं झालं असतं! चार गोष्टी सुनावल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

"कसा आहे?" मैथिलीनं विचारलं.

"बरा आहे."

तिचा चेहरा उतरला. पेरीनबाईंनी पटकन तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथे बराच वेळ राहिला.

मग सँडविचं आली. एकात अंजीर आणि बकरीच्या दुधाचं चीज. एकात लोण्यावर परतलेले मश्रूम. एक तव्यावर भाजलेलं, वर चीज वितळून तपकिरी झालेलं आणि त्यावर अर्धं कच्चं अंडं. मी प्रत्येक घास खाताना काहीतरी शोधत होते. आधी मलाच कळलं नाही काय शोधतेय. मग कळलं. माझ्या घरचं काहीतरी. लसणाच्या चटणीचं एक बोट, शेंगदाण्याचा कूट, काहीतरी. ही पोर बावीस वर्षं कोणाच्या हातचं खाऊन मोठी झाली त्याची एवढीशी खूण. कुठेच नव्हती.

"यात आपल्याकडचं काहीच नाही का गं?" मी विचारलं.

"कशाला पाहिजे?" मैथिली म्हणाली. "हे फ्रेंच आहे, आई. हे असंच करतात."

"नाही, आपलं विचारलं."

पेरीनबाई समोर बसल्या. त्यांना बहुतेक वातावरण सैल करायचं होतं. हसून म्हणाल्या, "ही फ्रान्सवरून, लियाँवरून परत आली ना, की बघा कशी होते. तिथे माझ्या जुन्या मैत्रिणीची भट्टी हाय. वर्षभर राहिली की मग मला काय शिकवायचं उरणारच नाय."

"कुठनं परत आली की?" मी विचारलं.

मैथिलीनं डोळे मिटले. "आंटी, मी अजून सांगितलं नव्हतं."

"फ्रान्सला चाललीस?"

"चालले नाही अजून. तुला विचारायलाच बोलावलं होतं."

"विचारायला? का सांगायला?"

"आई, हळू."

"हळू कशाला? सगळं ठरवून झालं की तुमचं! मैत्रिणीची भट्टी ठरली, वर्ष ठरलं. माझ्यासाठी काय ठेवलंयस, आशीर्वाद द्यायचा तेवढा?"

"पेरीन आंटीच म्हणाल्या, आधी आईला विचार!"

हे ऐकलं आणि माझा तोल गेला. म्हणजे मला विचारायचं हेही तिला दुसऱ्या बाईनं सांगावं लागलं होतं. मी उभी राहिले. खानावळीत चाळीस माणसांच्या गलक्यावरून हाक मारायची सवय असलेला माझा आवाज त्या शांत दुकानात केवढा तरी मोठा झाला.

"नोकरी सोडताना विचारलं नाहीस, तेव्हा कुठे होत्या या आंटी? माझ्या घरात पीठ नव्हतं का? पहाटे उठून माझी बोटं वाकडी झाली, तुला एक उंडा मळायला जड झालं! आणि इथं? इथं रोज सकाळी ओट्याला उभी राहतेस, दुसऱ्याच्या पिठाला!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मैथिलीचा चेहरा लाल झाला. आणि मग तीही सुटली.

"तूच लावू दिला नाहीस हात! मी परातीपाशी आले की काय म्हणायचीस? 'ऊठ, अभ्यास कर, हात खराब होतील.' एकदा लपून भाकरी थापली तर पाठीत धपाटा घातला होतास तू! म्हणालीस, या परातीत मी एकटी बुडाले तेवढी पुरे!"

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलंस! मी नववीत होते!"

"खोटं बोलू नकोस मैथू."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही! कधीच नव्हता!"

तिनं ॲप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेना, मग तशीच पाय आपटत भट्टीच्या खोलीत गेली आणि दार असं आपटलं की फळीवरचे दोन लांब पाव खाली पडले.

मला खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी तसं म्हटलं असेनही. त्या दिवसांत मी काय काय बोलून जायची, त्याचा पत्ता मलाच नसायचा.

मी खाली बसले. पेरीनबाई मान खाली घालून पडलेले पाव उचलत होत्या. मला वाटलं, आता ही बाई मला सांगणार की माझ्या दुकानात असा तमाशा नको. मनात म्हटलं, सांग, एकदा तोंड उघड, मग तुलाही ऐकवते.

त्या येऊन समोर बसल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"असं ओरडते ती?" त्यांनी विचारलं.

"लहानपणापासून. बापावर गेलीय."

"माझ्यासमोर कधीच नाय." त्या पडलेल्या पावाची साल नखानं कुरतडत होत्या. "मी किती बोलते तिला. पीठ बिघडवलं तर खूप बोलते. एकदा तर सगळा घाणा फेकून दिला मी, तिच्या तोंडावर. काय म्हणाली? 'सॉरी आंटी.' बस. मला वाटायचं, किती चांगली पोर हाय."

"चांगलीच आहे," मी म्हटलं. भांडण झालं तरी पोर माझीच होती.

"माझीपण एक मुलगी हाय. शिरीन. टोरँटोला असते. तीपण फार चांगली. फोन करते, 'हाऊ आर यू मम्मा, टेक केअर मम्मा.' मी काय पण बोलू, ती हो म्हणते. भांडतच नाय. मी एकदा मुद्दाम भांडण काढून बघितलं, तर तिनं शांतपणे सांगितलं, 'मम्मा, तू थकलीयेस, झोप.'" त्या थोडं हसल्या. "मी मैथिलीकडे बघून म्हणायची, हिला मी मुलगी करीन. खोटं कशाला बोलू, मनात म्हणायची. तुमी आल्या, तर मला भीती वाटत होती. वाटलं, तुमी तिला घेऊन जाणार. पण आता पाहिलं ना..." त्या थांबल्या. "ती माझी नाय. ती माझ्याकडे पाहुण्यासारखी राहते. घर तिचं तुमी हाय."

खरं सांगते, ते ऐकून मला पहिल्यांदा आनंद झाला. दुःख वगैरे नंतर. आधी नुसता आनंद, शर्यत जिंकल्यासारखा. ती बाई माझ्यासमोर बसून रडत होती आणि माझ्या छातीत काहीतरी ताठ उभं राहिलं होतं. तो आनंद किती वेळ टिकला कोण जाणे. तिनं नाक पुसायला तोच ॲप्रन वर केला, तेव्हा तो विरला. मी माझा पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

मग उठून भट्टीच्या खोलीत गेले. मैथिली ओट्याशी उभी राहून पीठ मळत होती. मळत कसली, बडवत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"असं नाही," मी म्हणणार होते, आणि थांबले. कारण ती करत होती ते बरोबर होतं. तळव्याच्या बुडानं ढकलायची, दुमडायची, चतकोर वळवायची, पुन्हा ढकलायची. रागातही हाताचा ताल चुकत नव्हता. मी दाराला टेकून बघत राहिले. कोणत्याही घरात, कोणत्याही परातीत, मी तिला हे करताना पहिल्यांदाच बघत होते.

"कधी निघायचंय?" मी विचारलं.

तिचे हात थांबले. "तू नको म्हणालीस तर नाही जाणार."

"मग? आयुष्यभर मला ऐकवशील ना, तुझ्यामुळे गेले नाही म्हणून. ते कोण ऐकून घेणार? जा."

"मनापासून म्हणतेयस का?"

"मनापासून नाही. पण जा."

ती रडता रडता हसली आणि पिठाच्या हातांनी नाक पुसलं, त्यामुळे तोंडभर पीठ झालं. मी हात पुढे केला नाही. तिचं तिनंच पुसलं.

मैथिली फ्रान्सला गेली. ती नसताना सणासुदीच्या दिवसांत पेरीनबाईंना मदतीला माणूस मिळेना, तेव्हा एकदा त्यांचा फोन आला. फोनवर काय बोलावं हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, येते आठ दिवस. खानावळ भावजयीवर सोपवून गेले, आणि मग वर्षात तीन-चारदा जात राहिले. पाव मला जमले नाहीत. मी गल्ल्याशी बसायची, सँडविच बांधून द्यायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. दुकान बंद झालं की दोघी चहा पीत बसायचो. मैथिलीचा फोन कोणाच्या मोबाइलवर येतो याकडे आम्हा दोघींचंही लक्ष असायचं आणि दोघीही तसं दाखवायचो नाही. पेरीनबाईंच्या नंबरवर आला की मी टेबल पुसायला लागायची. माझ्या नंबरवर आला की त्या उगाच कपबशा उचलायच्या. फोन झाला की मी त्यांना सगळं सांगायची, थोडंसं सोडून. त्याही तसंच करत असणार.

वर्ष संपलं तेव्हा मैथिलीला आणायला आम्ही दोघी मुंबईला गेलो. पेरीनबाईंनी नवा फुलाफुलांचा फ्रॉक घातला होता, मी इरकल नेसले होते. बाहेर पडणाऱ्या माणसांच्या गर्दीत आम्ही माना उंच करून बघत होतो. ती दिसली. केस कापलेले, अंगानं थोडी बारीक झालेली, पाठीवर एक आणि हातात एक बॅग.

तिनं आम्हाला पाहिलं, धावत आली, आणि पहिल्यांदा पेरीनबाईंच्या गळ्यात पडली. दोन्ही गालांना गाल लावून काहीतरी फ्रेंचमध्ये म्हणाली, आणि पेरीनबाई रडत रडत तसंच काहीतरी म्हणाल्या. मी बाजूला उभी होते. मला लागलं. आज हे सांगतानाही लागतंय.

मग ती माझ्याकडे वळली. मिठी नाही, नमस्कार नाही. हातातली जड बॅग माझ्या हातात दिली.

"धर गं आई, हात मोडला माझा. आणि इरकल कशाला नेसलीस या उकाड्यात?"

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं आणि बॅग दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. गाडीकडे जाताना पेरीनबाई माझ्या शेजारून चालत होत्या. दोनदा त्यांनी बॅग घ्यायला हात पुढे केला, आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, "राहू द्या, मला जड नाही."